सायबर विम्यातून काय वगळलंय?

नागपूरजवळच्या कोराडीच्या औष्णिक वीज केंद्रात ६६० मेगावॉटचे तीन संच आहेत. अशा केंद्राच्या आधाराने दुरुस्तीची कामं घेणारे ठेकेदार, सुटे भाग पुरवणारे, वाहतूकदार असे कितीतरी छोटे धंदे उभे राहतात. ऑनलाइन निविदा, डिजिटल सही, जीएसटीची विवरणपत्रं आणि टॅलीतले हिशेब, सगळं बऱ्याचदा ऑफिसातल्या एकाच संगणकावर असतं. गोदामाला आग लागली तर विमा आहे. पण एका सकाळी त्या संगणकातल्या साऱ्या फायली कुणीतरी कुलूपबंद करून खंडणी मागितली तर?

त्यासाठी सायबर विमा असतो आणि छोट्या उद्योगांनी तो जरूर विचारात घ्यावा. डेटा परत मिळवणं, तज्ज्ञांकडून तपास, बंद काळात बुडालेलं उत्पन्न, ग्राहकांची माहिती फुटल्यास वकिलाचा खर्च आणि भरपाई, असं बरंच काही त्यात येतं. बुडालेल्या उत्पन्नाची मोजणी मात्र ठरावीक तास उलटल्यावरच सुरू होते. एजंट एवढं सांगतो. काय मिळणार नाही, ते आपणच विचारायला हवं.

विजेचंच घ्या. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. मार्च २०२१ मध्ये राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी यामागे सायबर घातपात असल्याची शक्यता बोलून दाखवली. तेव्हाचे केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी मात्र ती मानवी चूक असल्याचं सांगितलं. विमा उतरवणाऱ्या दुकानदाराच्या दृष्टीने या वादाच्या निकालाने फारसा फरक पडत नाही. वीज, दूरध्वनी, इंटरनेट यांसारखी सार्वजनिक सेवा बंद पडल्याने झालेलं नुकसान बहुतेक सायबर पॉलिसींतून वगळलेलं असतं, मग ती सेवा हॅकरने पाडलेली का असेना.

दुसरं कलम युद्धाचं. जून २०१७ मध्ये ‘नॉटपेट्या’ नावाचा विषाणू युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून पसरला आणि थेट आपल्या न्हावाशेव्याच्या बंदरातलं एक कंटेनर टर्मिनल ठप्प झालं. या हल्ल्यामागे रशियाचं लष्कर असल्याचं अमेरिका आणि ब्रिटनने २०१८ मध्ये जाहीर केलं. खाद्यपदार्थ बनवणाऱ्या मोंडेलीझ कंपनीचा दावा ‘झुरिक’ या विमा कंपनीने युद्धाच्या कलमावर बोट ठेवून नाकारला. खटला उभा राहिला आणि २०२२ मध्ये तडजोडीने मिटला. अशाच वादात मर्क या औषध कंपनीच्या बाजूने न्यू जर्सीच्या अपील न्यायालयाने २०२३ मध्ये कौल दिला. त्याच वर्षी लंडनच्या ‘लॉइड्स’ या विमा बाजाराने आपल्याकडच्या स्वतंत्र सायबर पॉलिसींमध्ये सरकारपुरस्कृत हल्ले वगळणारं वेगळं कलम बंधनकारक केलं. ज्या ठेकेदाराचा कुठल्याही युद्धाशी सुतराम संबंध नाही, त्याचा संगणकही अशा हल्ल्यात सापडू शकतो. म्हणून हे कलम त्यानेही वाचायला हवं.

छोट्या धंद्याला अधिक जवळचा धोका साध्या ई-मेलचा. नेहमीच्या पुरवठादाराच्या नावाने पत्र येतं, ‘आमचं बँक खातं बदललं आहे’, आणि मालक स्वतःच्या हाताने पैसे पाठवतो. यात कुणी कुलूप फोडलेलं नसतं, मालकाला फसवलेलं असतं. अनेक पॉलिसींत असं संरक्षण जादा हप्ता भरूनच मिळतं आणि त्याची कमाल रक्कमही मूळ विम्यापेक्षा बरीच कमी असते. ते आहे की नाही, हे लेखी विचारावं.

प्रस्तावाचा अर्ज एजंटवर सोडून देऊ नये. ‘ओटीपीसारखी दुहेरी पडताळणी वापरता का?’ या प्रश्नाला घाईत ‘हो’ लिहिलं की पुढे तेच अंगाशी येतं. इंटरनॅशनल कंट्रोल सर्व्हिसेस या अमेरिकी कंपनीने असंच ‘हो’ लिहिलं होतं. हल्ल्यानंतर ‘ट्रॅव्हलर्स’ या विमा कंपनीने हे उत्तर खोटं असल्याचं सांगत कोर्टात धाव घेतली आणि २०२२ मध्ये पॉलिसी मुळापासून रद्द झाली.

पैसे गेले तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा. केंद्राच्या ‘सर्ट-इन’ या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे सायबर हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत तिला कळवावा लागतो. तज्ज्ञ नेमण्याआधी विमा कंपनीची लेखी संमती घ्यावी, नाहीतर तो खर्च आपल्याच गळ्यात पडू शकतो. पॉलिसी आणि कंपनीचा दाव्यांचा फोन नंबर कागदावर छापून ठेवावा, कारण त्या दिवशी संगणक उघडणार नाही. दावा नाकारला गेला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. तिथे दाद मिळाली नाही, तर एकल मालकीच्या धंद्यांना आणि सूक्ष्म उद्योगांना विमा लोकपालाकडे विनाशुल्क जाता येतं.