वाटीत किती ग्रॅम?

‘पाव किलो बेसन, दीड वाटी पिठीसाखर’ अशी कृती वाचली की पंचाईत होते. सगळं वाटीनं सांगितलं असेल तर वाटी लहान की मोठी यानं काही बिघडत नाही, प्रमाण जमतं. अर्धं वजनात आणि अर्धं मापात आलं की हिशोब करावा लागतो.

पाण्याचं सोपं आहे: एक मिलिलिटर म्हणजे एक ग्रॅम. कोरड्या जिन्नसांत मात्र वाटीत हवाही मोजली जाते. २४० मिलिलिटरच्या मेजरिंग कपात साखर सुमारे २०० ग्रॅम मावते, मैदा १२० ते १३०, बारीक मीठ २८०च्या आसपास. तोच मैदा चाळून, चमच्यानं अलगद भरून सुरीनं सपाट केला तर १२० ग्रॅम भरतो. डब्यात कप खुपसून काढला तर १४०च्याही पुढे जातो. केक दडदडीत होण्यामागे बरेचदा हेच वाढीव पीठ असतं. दळल्यानंही माप बदलतं. एक वाटी साखर दळली की दीड वाटीहून जास्त पिठीसाखर होते, वजन मात्र तेवढंच. म्हणून कृतीत ‘एक वाटी साखर, दळून’ आणि ‘एक वाटी पिठीसाखर’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पायली-अधोलीच्या काळीही हा घोळ होताच. शेर वजनाचा होता तसा मापाचाही, आणि माप सपाट की शिगोशीग यावरून वाद व्हायचे.

छापील तक्त्यापेक्षा स्वतःच्या वाटीचा तक्ता बरा. रोजच्या वापरातली एक वाटी काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणा. ती काठोकाठ पाण्यानं भरा. १५० ग्रॅम आलं, तर वाटी १५० मिलिलिटरची. ती कोरडी पुसून एकेक जिन्नस भरा, सपाट करा, वजन लिहून ठेवा. या वाटीत साखर १२५ ग्रॅम, मैदा ७५ ते ८० ग्रॅम बसेल. पोह्यांसारख्या जिन्नसाला मात्र हा आकडा ढोबळच समजा. जाड-पातळ प्रकारानुसार तो फार बदलतो.

काटा नसेल तर अर्धा किलोचं नवं पाकीट फोडा आणि त्यात किती वाट्या भरतात ते मोजा. सहा भरल्या, तर वाटीला ८३ ग्रॅम. भरण्याची पद्धत मात्र पहिल्या वाटीपासून शेवटच्या वाटीपर्यंत एकच ठेवा.

सोडा, यीस्ट, हिंग असल्या चिमूटभर जिन्नसांसाठी घरगुती काट्याच्या वाटेला जाऊ नका. तो एकेका ग्रॅमनं पुढे सरकतो, आणि चहाचा चमचाभर सोडा जेमतेम पाच ग्रॅम असतो. तिथं पाच मिलिलिटरचा मापाचा चमचाच चांगला. मोठ्या चमच्याचं मात्र विचारून घ्या: आपल्याकडे तो १५ मिलिलिटरचा धरतात, ऑस्ट्रेलियातल्या कृतींत २०चा.