प्रभावमापनाची साधने : लेखांक ७ — न आलेली उत्तरे

घरोघरी जाऊन साधलेल्या संवादाने लोकांचे मत बदलते का, हे पाहायचे तर ज्यांच्याशी बोलणे झाले आणि ज्यांच्याशी झाले नाही, अशा दोन्ही गटांना काही काळाने तेच प्रश्न विचारावे लागतात. पण विचारलेल्या प्रश्नांना उत्तरे येतीलच असे नसते आणि बहुतेक मोहिमांचे मोजमाप इथेच अडते. प्रश्नावली मिळालेल्यांपैकी शेकडा जितके जण ती भरून देतात, त्या प्रमाणाला प्रतिसाद-दर म्हणतात. अमेरिकेतील प्यू रिसर्च सेंटरच्या दूरध्वनी पाहण्यांत हा दर १९९७ मध्ये ३६ टक्के होता, तो २०१८ मध्ये ६ टक्क्यांवर आला.

दर कमी असणे ही अडचण खरीच, परंतु त्याहून घातक असते ती असमान गळती, म्हणजे दोन गटांतून वेगवेगळ्या स्वभावाची माणसे गळून पडणे. कार्यकर्त्याचे बोलणे ज्यांना पटले ते प्रश्नावली आनंदाने भरतात आणि ज्यांना त्याचा राग आला ते ती फेकून देतात, असे घडले तर एकाही माणसाचे मत न बदलता भेट दिलेला गट अधिक अनुकूल दिसू लागतो. नुसत्या संख्येने हा दोष जात नाही. १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीपूर्वी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे १ कोटी मतपत्रिका पाठवल्या, २० लाखांहून अधिक परत आल्या आणि तरीही अंदाज साफ चुकला.

यावरचा सर्वांत विचारपूर्वक उपाय डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ काला या संशोधकांनी २०१५ मध्ये मायामी येथे केलेल्या प्रयोगात दिसतो. ट्रान्सजेंडर व्यक्तींविषयीचा पूर्वग्रह सुमारे १० मिनिटांच्या संभाषणाने कमी होतो का, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी संभाषणाआधीच ६८,३७८ नोंदणीकृत मतदारांना पत्रे पाठवून ऑनलाइन पाहणीचे निमंत्रण दिले. १,८२५ जणांनी, म्हणजे शंभरातील तिघांहूनही कमी लोकांनी, ती भरली आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशी गटांची विभागणी केवळ यांच्यातच करण्यात आली. विभागणीपूर्वी झालेल्या गळतीमुळे निष्कर्ष किती लोकांना लागू पडतो यावर मर्यादा येते, पण दोन गटांची तुलना बिघडत नाही. तीच गळती विभागणीनंतर झाली की तुलनेचा पायाच खचू शकतो. उत्तर द्यायला मुळात तयार असलेली माणसे आधी निवडून घेण्यामागचे तर्कशास्त्र हे असे आहे.

तुलनेसाठीच्या दुसऱ्या गटाची दारेही स्वयंसेवकांनी ठोठावली, मात्र तेथे विषय काढला तो कचऱ्याच्या पुनर्वापराचा. दार उघडणारे एकूण ५०१ निघाले. तटस्थ विषयाच्या या भेटीमुळे दार उघडणाऱ्यांची तुलना दार उघडणाऱ्यांशीच करता आली. पुढे तीन दिवसांपासून तीन महिन्यांपर्यंत घेतलेल्या पाहण्यांचा त्या भेटीशी संबंध आहे असे कोठेही सुचवलेले नव्हते, त्यामुळे भेटीवरचा राग प्रश्नावलीवर निघण्याचे कारण उरले नाही. ही लपवणूक समर्थनीय ठरते ती उत्तरे गोपनीय राखली जातात तोवरच, आणि ही अट कोणत्याही मोहिमेने हलकी समजू नये.

प्रतिसाद वाढवण्याचे नेहमीचे उपाय साधे आहेत: प्रश्नावली छोटी ठेवणे, ठरावीक अंतराने स्मरणपत्रे पाठवणे आणि अल्पसा मोबदला देणे. पाकिटातच घातलेली एका डॉलरची नोट, प्रश्नावली भरल्यानंतर देऊ केलेल्या तितक्याच रकमेपेक्षा अधिक उत्तरे आणते, कारण आधी हातात पडलेल्या विश्वासाची परतफेड करावीशी वाटते. हे सर्व दोन्ही गटांत तंतोतंत सारखे असले पाहिजे; एकाच गटाला जादा स्मरणपत्रे गेली तर असमान गळती मोजणाऱ्याच्याच हातून घडते.

प्रतिसाद-दराला पुराव्याचे मोलही असू शकते. डिसेंबर २०१४ मध्ये ‘सायन्स’ या विज्ञानविषयक नियतकालिकात याच प्रकारच्या संभाषणांवर एक गाजलेला निबंध प्रसिद्ध झाला होता. त्याच धर्तीचा पुढचा प्रयोग आखताना ब्रूकमन आणि काला यांच्या प्राथमिक पाहणीला त्या निबंधात सांगितलेल्यापेक्षा फारच कमी उत्तरे आली. इतका प्रतिसाद मिळवण्याची पद्धत समजून घेण्यासाठी त्यांनी संबंधित पाहणी कंपनीकडे विचारणा केली, तेव्हा असे कोणतेही काम आपण केलेले नाही, असे तिने कळवले. मे २०१५ मध्ये तो निबंध मागे घेण्यात आला.