खडकवासल्यातील तीन वर्षे : पालकांसाठी माहिती

प्रबोधिनी : राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी (एनडीए), खडकवासला, पुणे. औपचारिक उद्घाटन १६ जानेवारी १९५५. ब्रीद : सेवा परमो धर्मः.

प्रवेश : यूपीएससीची लेखी परीक्षा, वर्षातून दोनदा. नंतर एसएसबी (सेवा निवड मंडळ) मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी. मुलींची पहिली तुकडी २०२२ मध्ये दाखल.

कालावधी : ३ वर्षे, ६ सत्रे, पूर्ण निवासी. सोबत पदवीचे शिक्षण. मागे पडल्यास सत्र पुन्हा करावे लागते. त्याला ‘रेलिगेशन’ म्हणतात. ते बडतर्फीपेक्षा वेगळे.

खर्च : निवास, भोजन, गणवेश, पुस्तके व वैद्यकीय उपचार सरकारकडे. किरकोळ वैयक्तिक खर्च पालकांकडे.

पालकांची सही : प्रशिक्षणातील दुखापतीबद्दल भरपाई मागणार नाही, असे प्रमाणपत्र. कॅडेटने स्वेच्छेने प्रशिक्षण सोडल्यास खर्चाची वसुली होऊ शकते.

दीक्षान्त संचलन आणि कमिशन : खडकवासल्याच्या संचलनानंतर लगेच कमिशन (अधिकारी म्हणून नियुक्ती) मिळत नाही. पुढचे प्रशिक्षण :
- भूदल : डेहराडून
- नौदल : एळिमला
- हवाई दल : दुंडिगल

खांद्यावरचे तारे : डेहराडूनमध्ये कमिशनच्या दिवशी ‘पिपिंग’ सोहळा. नव्या अधिकाऱ्याच्या खांद्यावरील झाकलेले तारे अनेकदा आई-वडीलच उघडतात.

महाराष्ट्रात पूर्वतयारी : सैनिकी सेवा पूर्वतयारी संस्था, छत्रपती संभाजीनगर, स्थापना १९७७. मुलींसाठी स्वतंत्र संस्था नाशिकला.