मिरीचा वेल उत्तरेलाच का?

कोरगावच्या मुलांना कुळागर म्हणजे काय, हे सांगायला नकोच. बाकीच्यांनो, ऐका. गोव्यात पेडणे-डिचोलीकडे डोंगराच्या उतारावर, झऱ्याच्या पाण्यावर पोसलेली पोफळी-माडांची गच्च हिरवी बाग म्हणजे कुळागर. भर दुपारी आत शिरलात तरी गारेगार! पाहणाऱ्याला वाटतं, मिळेल तिथे मिळेल ते लावलंय. छे! इथे ज्याची त्याची जागा ठरलेली.

दोन पोफळींत साधारण 2.7 मीटर अंतर सोडतात. पण पोफळीची बहुतेक मुळं बुंध्यापासून मीटरभराच्या आतच असतात, आणि झावळ्या फक्त शेंड्याला. म्हणजे मधली जमीन मोकळी, वरून झिरपणारं ऊनही वाया! मग तिथे केळ येते, जायफळ येतं, त्यांच्या पायाशी हळद नि अननस. सगळ्यांना एकाच उंचीवर ऊन आणि एकाच खोलीवर पाणी हवं असतं, तर मारामारीच झाली असती. दशावतारी नाटकात सगळेच राजे झाले, तर संकासुर राक्षस कोण होणार?

आता मिरी. पोफळ सात-आठ वर्षांची झाली की तिच्या बुंध्याशी, उत्तरेच्या अंगाला मिरीचा वेल लावतात. उत्तरेलाच का? आपल्याकडे वर्षातला बराच काळ सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे कोवळ्या वेलाला बुंध्याचाच आडोसा मिळतो. वेल जवळून बघा. पेरापेराशी बारीक मुळं फुटून ती सालीला घट्ट धरून बसलेली दिसतील. ती फक्त धरण्यापुरती हं! पोफळीचं अन्न मिरी चोरत नाही, तिला लागणारं पाणी आणि क्षार तिच्या जमिनीतल्या मुळांतून येतात. पावसाळ्यात तिला बोटभर लांब तुरे लोंबतात. त्यावरची फुलं इतकी इवली, की भिंगच हवं. पावसाचं पाणी तुऱ्यावरून ओघळतं आणि पराग खालच्या फुलांपर्यंत पोचायला मदत होते. मधमाशीचं काम चक्क पाऊस करतो!

पोफळीलाही जपावं लागतं. दुपारनंतरच्या तिरप्या उन्हानं लहान पोफळीचं खोड भाजतं, तडकतं. म्हणून केळीची सावली. घड उतरवला की केळीचा खांब तिथेच तुकडे करून टाकायचा, गळलेल्या झावळ्याही तिथेच कुजू द्यायच्या. खत घरचं!

गंमत म्हणजे या मंडळीतले काही पाहुणे आहेत. मिरी आपल्या सह्याद्रीची. पण जायफळ इंडोनेशियातल्या बांदा बेटांचं आणि अननस दक्षिण अमेरिकेचा, पोर्तुगीजांबरोबर आलेला. जायफळाची नर आणि मादी झाडं वेगवेगळी असतात. सगळी नरच लागली, तर जायफळ विसरा.

कुळागर नसलं तरी परसात एक छोटी मंडळी जमवता येते. मेक्सिकोतले शेतकरी फार जुन्या काळापासून मका, घेवडा आणि भोपळा एकत्र लावतात. जूनमध्ये मका पेरा. तो वीतभर झाला की बुंध्याशी घेवड्याऐवजी वेलाची चवळी आणि मधल्या जागेत भोपळा. चवळी मक्यावर चढेल, भोपळ्याची पानं जमीन झाकून ओल धरतील. चवळीचं एखादं रोप अलगद उपटून मुळांवरच्या गाठी बघा. हवेतला नायट्रोजन झाडाच्या कामाचा करून देणारे जिवाणू त्या गाठींत राहतात. किती गाठी सापडल्या, ते आम्हाला जरूर कळवा!