इंदूर-मुंबई : आकाशातील अंतर आणि व्यापाऱ्याचा वेळ

"विमानाने मुंबई किती वेळाची?" असे विचारले की आमचे व्यापारी बंधू "तासाभराची" असे उत्तर देतात. हा हिशेब आम्हीही एकदा असाच मांडला होता. सकाळच्या विमानाने निघून दुपारी बाराच्या सौद्यास काळबादेवीत हजर राहण्याचे वचन दिले आणि पोहोचलो एक वाजता. माल तोवर दुसऱ्याच्या नावे झाला होता. चूक विमानाची नव्हती, आमच्या गणिताची होती. ते गणित येथे उलगडून पाहू.

इंदूर व मुंबई येथील विमानतळांमधील सरळ अंतर सुमारे ५०५ किलोमीटर आहे. सेंधवा, धुळे, नाशिक या मार्गाने जाणारी सडक ५९० किलोमीटरांच्या आसपास भरते. लोहमार्ग रतलाम, वडोदरा, सुरत असा वळसा घेत असल्याने सुमारे ८३० किलोमीटर होतो. विंध्य, सातपुडा आणि सह्याद्री यांचे अडथळे जमिनीवरच्या वाहनास आहेत, विमानास नाहीत. सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेला ३०९ किलोमीटरांचा मनमाड-इंदूर लोहमार्ग पूर्ण झाला म्हणजे हा वळसा पुष्कळ कमी होईल.

आता वेळ पाहू. जेट विमान उंचावर ताशी सुमारे ८०० किलोमीटर वेगाने जाते. त्या वेगाने ५०५ किलोमीटरांस ३८ मिनिटे पुरावीत. तथापि वेळापत्रकात साधारणतः सव्वा तास दिलेला असतो. ह्याचे कारण असे की, हा वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंत मोजतात. धावपट्टीपर्यंतची चाल, चढण आणि उतरण यांत पूर्ण वेग कधीच मिळत नाही. शिवाय मुंबईच्या जुन्या विमानतळावरील दोन धावपट्ट्या एकमेकींस छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते. गर्दीच्या वेळी विमानास आकाशात घिरट्या घालाव्या लागतात, त्या निराळ्याच.

खरा हिशेब पेढीच्या दारापासून बाजाराच्या दारापर्यंतचा होय. राजवाड्याकडून विमानतळ गाठण्यास अर्धा तास, तेथील तपासणीसाठी दीड तास, उड्डाणाचा सव्वा तास, सामान घेऊन बाहेर पडण्यास अर्धा तास आणि काळबादेवीपर्यंत पाऊण तास. एकूण साडेचार तास झाले. आकाशातला वाटा त्यात जेमतेम पाव हिश्शाहून थोडा अधिक आहे! विमान आणखी वेगवान झाले तरी फार तर दहा-पंधरा मिनिटे वाचतील. ऑक्टोबर २०२५ मध्ये भुयारी मेट्रो विमानतळापासून काळबादेवीपर्यंत सुरू झाली. सडकेवरील खोळंबा तिने टळतो आणि व्यापाऱ्यास तिचा लाभ त्याहून मोठा आहे.

आणखी एक सावधगिरी हवी. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरअखेरीस तेथून प्रवासी वाहतूक सुरू झाली. तेव्हा केवळ "मुंबई" हे नाव वाचून तिकीट घेऊ नये. विमानतळ कोणता, हे आधी पाहावे. उड्डाणाचा वेळ जवळपास सारखा असला तरी बाजारापर्यंतची वाट निराळी आहे.

सारांश, तिकिटावर छापलेला वेळ हा विमानाचा असतो, आपला नव्हे. त्यात निदान तीन-सव्वातीन तास मिळवावेत आणि मगच सौद्याची वेळ द्यावी. व्यापाऱ्याची पत मालावर जितकी, तितकीच दिलेल्या वेळेवर अवलंबून असते.