सरकारी भाऊबीज

भाऊबीजेच्या ताटाभोवती राजकारण आणायचे नाही, असा आमच्या ताईचा दंडक आहे. आईपासून चालत आलेला. २०२४ साली मात्र तो पाळणे ब्रह्मदेवालाही जमले नसते. त्या वर्षी भाऊबीज आली ३ नोव्हेंबरला, विधानसभेचे उमेदवारी अर्ज मागे घेण्याची मुदत संपत होती ४ नोव्हेंबरला, आणि मतदान होते २० तारखेला. म्हणजे मी डोंबिवलीला ताईकडे पाटावर बसलो होतो, नेमक्या त्याच घटकेला महाराष्ट्रभर बंडखोर उमेदवारांना त्यांचे पुढारी ओवाळीत होते. त्या तबकांत काय काय होते, ते तुम्हीआम्ही न विचारलेले बरे.

ओवाळून झाले, मी ताटात पाकीट ठेवले आणि आमचे भावोजी म्हणाले, "काय प्रोफेसर, तुमच्या ओवाळणीला आता कोण विचारतो? सरकारनं दोन कोटी बहिणींना घरबसल्या ओवाळणी घातलीय. तीसुद्धा आमच्या खिशातून! पंधराशे रुपयांत मतं विकतात ह्या बायका."

भावोजी वाईट नाहीत. बँकेतून निवृत्त झालेला सरळ माणूस. सोसायटीच्या वॉचमनच्या मुलीची फी ते गुपचूप भरतात, हे मला ताईने सांगितले म्हणून ठाऊक. पण ते हे वाक्य बोलले तेव्हा आत स्वयंपाकघरात मावशी भांडी घासत होत्या. ताईकडे पंधरा वर्षे कामाला आहेत. भांड्यांचा आवाज क्षणभर थांबला. मग पुन्हा सुरू झाला, जरा मोठ्याने. आणि मी, जो वर्गात समतेवर तासच्या तास बोलतो आणि ज्याला घरात सगळे 'लाल भाई' म्हणून चिडवतात, मी काय केले? चकली मोडून तोंडात टाकली आणि म्हणालो, "ताई, भाजणी यंदा छान जमलीय हं!"

ती चकली मला अजून पचलेली नाही.

आधी त्या ओवाळणीचा हिशेब सांगतो. लोकसभेचा निकाल लागला ४ जून २०२४ रोजी. महाराष्ट्रातल्या ४८ जागांपैकी राज्यातल्या सत्ताधारी आघाडीच्या पदरात पडल्या सतरा. महिना उलटायच्या आत राज्याच्या अर्थसंकल्पात 'मुख्यमंत्री – माझी लाडकी बहीण' योजना जाहीर झाली. वय २१ ते ६५, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत, महिना पंधराशे रुपये. पहिले दोन हप्ते राखीपौर्णिमेच्या तोंडावर, शेवटचे दोन आचारसंहितेच्या आधी. मतदानापूर्वी पाच महिन्यांचे साडेसात हजार. मग लिलावात बोली चढावी तसे सत्ताधारी म्हणाले एकवीसशे आणि विरोधक म्हणाले तीन हजार. निकालात सत्ताधाऱ्यांना २८८ पैकी २३० च्या घरात जागा मिळाल्या. पुढे मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात एकवीसशेचा पत्ता नव्हता, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये सव्वीस लाखांहून अधिक बहिणींचे हप्ते अपात्रतेच्या शंकेने थांबवल्याचे सरकारनेच सांगितले. निवडणुकीआधी त्या बहिणी. निवडणुकीनंतर त्यांची चौकशी.

तेव्हा भावोजींचा राग अगदीच अस्थानी होता असे मी म्हणणार नाही. माझे भांडण आहे ते त्या रागाच्या पत्त्याशी. तो मंत्रालयात जायला हवा होता; गेला स्वयंपाकघरात.

आता 'विकतात' या शब्दाविषयी. त्या २० नोव्हेंबरला मी एका म्युनिसिपल शाळेत मतदान केंद्राध्यक्ष होतो. कॉलेजातल्या मास्तराला निवडणुकीचे काम चुकत नाही. पहाटे साडेपाचला उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर अभिरूप मतदान करून दाखवायचे, पन्नास मते टाकून, मोजून, यंत्र कोरे करायचे, मोहरा लावायच्या आणि सातच्या ठोक्याला दार उघडायचे. दार उघडले तेव्हा बायकांची रांग पुरुषांच्या रांगेपेक्षा लांब होती. दिवसभर त्या येत राहिल्या. डाव्या तर्जनीला शाई लावताना एकीचे बोट धुण्याभांड्याच्या पाण्याने इतके फाटले होते की शाई भेगेत उतरली. पुठ्ठ्याच्या आडोशामागे प्रत्येक जण एकटी जात होती. यंत्राशेजारच्या काचेत चिठ्ठी सात सेकंद दिसते आणि खाली पडते. त्या सात सेकंदांत त्या बाईने काय पाहिले, ते केंद्राध्यक्षालाही कळत नाही, नवऱ्यालाही नाही. राज्यात त्या दिवशी सुमारे ६६ टक्के मतदान झाले. त्यांतल्या कुणी पंधराशेसाठी मत दिले, कुणी सोयाबीनच्या भावासाठी, कुणी जातीसाठी, कुणी धर्मासाठी, कुणी कुणाचा तरी सूड उगवायला, हे दूरचित्रवाणीवरच्या पंडितांना निकालाच्या सकाळी दहा वाजता कसे काय कळले, याचे मला नवल वाटते.

आणि समजा, दिले पंधराशेसाठी. मग? १ फेब्रुवारी २०२५ रोजी केंद्राच्या अर्थसंकल्पात बारा लाखांपर्यंतचे उत्पन्न करमुक्त झाले, आणि चारच दिवसांनी दिल्ली विधानसभेचे मतदान होते. सरकारने सुमारे एक लाख कोटींच्या महसुलावर पाणी सोडले. त्याच्या पंधरवडाभर आधी आठव्या वेतन आयोगाची घोषणा झाली होती. त्या दिवशी भावोजींचा मला फोन आला होता, आवाजात दिवाळी होती. मलाही आनंद झाला, खोटे कशाला बोलू? पण त्याला कुणी रेवडी म्हटले नाही. सगळ्या वर्तमानपत्रांनी एकमुखाने शब्द वापरला 'दिलासा'. मी भाषेचा मास्तर. मला हे शब्द टोचतात. मावशींना मिळते ती खैरात आणि आपल्याला मिळतो तो दिलासा. आणि 'आमच्या खिशातून' म्हणताना आपण विसरतो की मावशींच्या साबणाच्या वडीवर आणि तेलाच्या पिशवीवर लागणारा कर त्यांच्याच कमरेच्या बटव्यातून जातो.

शब्दांचेच बोलायचे तर 'लाभार्थी' हा शब्द पाहा. विद्यार्थी हा विद्येचा याचक, शरणार्थी आश्रयाचा. लाभार्थी म्हणजे लाभाचा याचक. 'नागरिक' या शब्दात याचना नाही. आमच्या केंद्रावर मतदारयादी घेऊन बसलेल्या बाई अंगणवाडी सेविका होत्या. लाडक्या बहिणींचे अर्ज त्यांनीच भरून घेतले होते. त्यासाठी अर्जामागे पन्नास रुपये जाहीर झाले होते. दुपारी डबा खाताना मी त्यांना सहज विचारले, पगार किती मिळतो? त्यांनी माझी दुरुस्ती केली, "पगार नाही सर. मानधन." डिसेंबर २०२३ मध्ये याच सेविका राज्यभर संपावर गेल्या होत्या, तो संप बावन्न दिवस चालला. मागण्या पगाराच्या होत्या, ग्रॅच्युइटीच्या होत्या. म्हणजे आम्ही कामगार आहोत एवढे कबूल करा, इतकेच. अंगणवाड्या सुरू झाल्या १९७५ साली. अर्धे शतक झाले तरी जी बाई राब राब राबते तिला मान देऊन धन टाळण्याची ही युक्ती चालू आहे. काम करणाऱ्या बाईला मजुरी म्हणून द्यायचे नाही, आणि बहीण म्हणून मात्र द्यायचे. बहिणीला संप करता येत नाही ना!

आता मुद्द्याची गोष्ट. तुमच्या घरात कुणाची पगाराची पावती असेल तर काढून पाहा. कपातीच्या रकान्यात 'व्यवसाय कर' अशी एक ओळ सापडेल. महिना दोनशे, फेब्रुवारीत तीनशे, वर्षाचे अडीच हजार. स्टाफरूममध्ये मी दहा जणांना विचारले, हा कर कशासाठी सुरू झाला? एकालाही सांगता आले नाही. त्याची कथा अशी. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातली माणसे खडी फोडायला, बंधारे घालायला, पाझर तलाव खोदायला उतरली. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे होती. अमेरिकेतून आलेला मिलो आणि कामावर मिळणारी सुकडी खाऊन ज्यांनी ते वर्ष काढले, त्यांच्या घरांत ते शब्द अजून जिवंत आहेत. त्या काळात विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची कल्पना राज्यभर आली: जो अंगमेहनतीचे काम मागेल त्याला सरकारने काम दिलेच पाहिजे, आणि पंधरा दिवसांत देता आले नाही तर बेकारभत्ता द्यायचा. पागे आमच्यातले नव्हेत, काँग्रेसवाले. पण कल्पना आमच्या मनातली. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला.

पैसा कुठून आणायचा? त्यासाठी १९७५ साली व्यवसाय कर बसवला. शहरातल्या पगारदाराने द्यायचा, तेवढीच भर सरकारने घालायची आणि त्यातून खेड्यातल्या मजुराला काम द्यायचे. गिरगावातला कारकून आणि बीडकडची खडी फोडणारी बाई यांच्यामध्ये एक सरळ दोरी बांधली गेली होती. ती बाई कामाचा अर्ज करताना कुणाची बहीण नव्हती, कुणाची लाडकी नव्हती. कायद्याने तिला देणे लागत होते. ज्या घटनेच्या ४१ व्या अनुच्छेदात कामाचा हक्क लिहिलेला आहे, ती तिच्या दारापर्यंत पोचली होती. योजनेत खोटी हजेरीपत्रके झाली, भ्रष्टाचार झाला, सगळे झाले. तरी २००५ साली केंद्राला देशासाठी तसाच कायदा करावासा वाटला, त्यामागे महाराष्ट्राचा हा अनुभव होता. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने तो कायदा बाजूला सारून नवा मंजूर केला. महात्माजींचे नाव गेले, शंभर दिवसांचे सव्वाशे झाले आणि खर्चाचा मोठा वाटा राज्यांच्या गळ्यात पडला. ज्या राज्यांनी तिजोरी ओवाळण्यांत रिकामी केली आहे, ती हा वाटा कसा उचलणार, हे मला तरी दिसत नाही.

देणाऱ्यांच्या बाजूचीही एक ओवाळणी होती. निवडणूक रोखे. २०१८ ते २०२४ या काळात साडेसोळा हजार कोटींचे रोखे विकले गेले. कोणत्या कंपनीने कोणत्या पक्षाला किती दिले, ते मतदाराला कळायचे नाही अशी व्यवस्था. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली, तेव्हा कुठे नावे बाहेर आली. तोवर पंधराशे घेणाऱ्या बाईचा आधार क्रमांक, खाते, उत्पन्न, सारे सरकारला माहीत. कोटी देणाऱ्याचे नाव गुलदस्त्यात.

"मग तुमचे डावे काय करत होते?" हा भावोजींचा नेहमीचा प्रश्न, आणि तो रास्त आहे. १९७२-७३ साली महागाईविरुद्ध मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्यामागे दादर-गोरेगावच्या गृहिणी लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. चाळीतली कारकुनाची बायको आणि गिरणी कामगाराची बायको एकाच मोर्चात थाळी वाजवीत होत्या. आज आमच्या पक्षांचे विधानसभेतले बळ म्हणजे २०२४ साली डहाणूची एक जागा आणि शेतकरी कामगार पक्षाची सांगोल्याची एक. दोष फक्त पैशाचा आणि प्रचाराचा नाही. आम्ही त्या लाटण्यांना चर्चासत्रांत नेऊन ठेवले. आमची पत्रके अशा मराठीत असतात की ती समजायला आमच्याच वर्गात दोन वर्षे बसावे लागते. आणि समोरून तीन हजारांची बोली लागली तेव्हा आमच्यातल्या कितीजणांनी उठून सांगितले, की बाईला बोली नको, किमान वेतन हवे? मीही नाही सांगितले. मी तर चकली खात होतो.

२०२५ ची भाऊबीज २३ ऑक्टोबरला होती. पुन्हा तोच पाट, तेच निरांजन. जेवणे आटोपल्यावर मावशी हात पुसत बाहेर आल्या आणि मोबाइल पुढे करून म्हणाल्या, "साहेब, ते केवायसी का काय ते करून द्या ना. नाहीतर हप्ता बंद होणार म्हणतात." भावोजींनी चष्मा लावला. बँकेचा माणूस, फॉर्म दिसला की राजकारण विसरतो. मावशींचा आधार क्रमांक घातला, फोनवर आलेला आकडा घातला, पुढचे पान उघडले. तिथे नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला होता. ज्यांना दोघेही नाहीत त्यांच्यासाठी पुढे वेगळी सोय जाहीर झाली, पण त्या दिवशी ती नव्हती.

"मावशी, नवऱ्याचा आधार नंबर?"

"ते जाऊन नऊ वर्षं झाली."

"मग वडिलांचा?"

"बाबा त्याच्याही आधी गेले." मावशी जरा थांबल्या. "भावाचा चालतो का बघा की साहेब. बहीण म्हणतात ना मला?"

भावोजी काही बोलले नाहीत. चष्मा काढून त्यांनी सदऱ्याच्या टोकाला पुसला, पुन्हा लावला, आणि भावाचा रकाना कुठे आहे का, ते पान वरखाली करून खरोखरच शोधू लागले.