अ‍ॅलर्जी आयुर्वेदानं 'मुळापासून' बरी होते का? ग्रंथ आणि संशोधन काय सांगतात?

सकाळी डोळे उघडले की सलग दहा-बारा शिंका. मग नाकातून पाणी, डोळ्यांना खाज. घरात झाडलोट सुरू झाली की पुन्हा तेच. रोज गोळी घेतली तर बरं वाटतं, बंद केली की त्रास परत सुरू.

वर्षानुवर्षं असं चाललं की माणूस कंटाळतो. अशा वेळी कुणीतरी सांगतं, "आयुर्वेदिक करून बघ, मुळापासून जाईल."

पण आयुर्वेद स्वतः असं म्हणतो का? आणि त्याच्या औषधांबद्दल आजचं संशोधन काय सांगतं? समजून घेऊया.

अ‍ॅलर्जी म्हणजे नेमकं काय?

धूळ, परागकण, बुरशी या गोष्टी बहुतेकांना त्रास देत नाहीत. काहींची रोगप्रतिकारशक्ती मात्र त्यांनाच शत्रू समजते आणि 'आयजीई' नावाची प्रतिपिंडं तयार करते. तीच गोष्ट पुन्हा शरीरात गेली की काही पेशींमधून हिस्टामीन हे रसायन बाहेर पडतं. शिंका, खाज, अंगावर उठणाऱ्या गांधी, या सगळ्यात त्याचा मोठा वाटा असतो.

सेट्रिझिनसारख्या गोळ्या हिस्टामीनचा परिणाम अडवतात. शरीराचा गैरसमज त्या दूर करत नाहीत. म्हणूनच गोळी थांबली की त्रास परत येतो.

आपल्याकडचं ओळखीचं उदाहरण म्हणजे गाजर गवत, म्हणजेच काँग्रेस गवत. १९५० च्या दशकात पुण्यात त्याची नोंद झाली आणि नंतर ते देशभर पसरलं. त्याच्या परागकणांनी सर्दी-शिंका होतात आणि संपर्कानं त्वचेवर चट्टे उठतात.

आयुर्वेदात अ‍ॅलर्जीचा उल्लेख आहे का?

'अ‍ॅलर्जी' हा शब्दच १९०६ सालचा. क्लेमेन्स फॉन पिर्के या ऑस्ट्रियन बालरोगतज्ज्ञानं तो पहिल्यांदा वापरला. त्यामुळे जुन्या ग्रंथांत तो सापडणार नाही.

पण लक्षणं सापडतात. सर्दी-शिंकांना 'प्रतिश्याय', अंगावर गांधी उठण्याला 'शीतपित्त' आणि दम्यासारख्या त्रासाला 'तमक श्वास' म्हटलं आहे. श्वासाच्या विकारांची कारणं सांगताना चरकसंहिता धूळ, धूर, वारा आणि थंड जागा यांची नावं घेते. एखाद्याला न मानवणाऱ्या गोष्टीसाठी 'असात्म्य' असा शब्दही आहे.

उपचारांची सुरुवात 'निदान परिवर्जना'नं होते, म्हणजे ज्यामुळे त्रास होतो ते टाळणं. त्यानंतर पथ्य, हरिद्राखंड किंवा सितोपलादि चूर्णासारखी औषधं, नाकात औषधी तेलाचे थेंब सोडण्याचं नस्य आणि काही रुग्णांना वमन हे पंचकर्म सुचवलं जातं.

'मुळापासून' हा शब्द कुठून आला?

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. आयुर्वेदात रोगांचे साध्य, म्हणजे बरे होणारे, आणि असाध्य असे प्रकार आहेत. त्यांच्या मध्ये एक तिसरा प्रकार आहे, तो म्हणजे 'याप्य'. पथ्य आणि औषध चालू असेपर्यंत काबूत राहणारा आजार.

चरकसंहितेनं तमक श्वासाला याप्य म्हटलं आहे. तो नुकताच सुरू झाला असेल तर बरा होऊ शकतो, असंही तिथे नमूद आहे. म्हणजे जुनाट दमा कायमचा घालवण्याची हमी जाहिराती देतात, ग्रंथ देत नाही.

आजचं वैद्यकशास्त्रही दम्याबद्दल 'नियंत्रण' हाच शब्द वापरतं.

संशोधन काय सांगतं?

गुळवेलीचं उदाहरण घेऊया. नागपूरच्या डॉक्टरांनी अ‍ॅलर्जीची सर्दी असलेल्या ७५ रुग्णांवर आठ आठवडे चाचणी केली. काहींना गुळवेलीचा अर्क दिला, काहींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. २००५ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गुळवेल घेणाऱ्यांच्या शिंका आणि नाक वाहणं लक्षणीय कमी झालं होतं.

आता दुसरी बाजू. कोरोनाच्या काळात अनेकांनी 'प्रतिकारशक्ती वाढते' म्हणून मनानंच गुळवेल सुरू केली. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. पुढे देशातल्या इतर रुग्णालयांतूनही अशा नोंदी आल्या. आयुष मंत्रालयानं या निष्कर्षांवर आक्षेप घेतला. गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वनस्पती वापरली गेली असावी, असाही मुद्दा मांडला गेला.

वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. ज्या वनस्पतीचा शरीरावर परिणाम होतो, तिचा दुष्परिणामही होऊ शकतो. शिवाय ७५ जणांची एक चाचणी आशा दाखवते, खात्री देत नाही. अ‍ॅलर्जीवरच्या बहुतेक आयुर्वेदिक औषधांच्या मोठ्या चाचण्या अजून झालेल्या नाहीत.

मग करायचं काय?

आयुर्वेदिक उपचार घ्यायचे असतील तर नोंदणीकृत वैद्याकडून घ्या. ही काळजीही घ्या:

- इनहेलर किंवा चालू औषध मनानं बंद करू नका. दमा असणाऱ्यांसाठी हे जीवावर बेतू शकतं. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांच्या औषधांची कल्पना द्या.
- लेबल नसलेली पुडी घेऊ नका. अशा पुड्यांमध्ये स्टिरॉइड मिसळल्याचे प्रकार समोर आले आहेत. दोन दिवसांत जादू झाल्यासारखा फरक पडला तर शंका घ्या.
- डब्यावर घटक, त्यांचं प्रमाण आणि उत्पादन परवाना क्रमांक पाहा. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या बोस्टन परिसरातल्या दुकानांमधली ७० आयुर्वेदिक उत्पादनं तपासली, तेव्हा १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं.
- यकृताचा किंवा थायरॉइडचा आजार असेल, किंवा गरोदर असाल, तर आधी सांगा.
- जलनेती करत असाल तर पाणी उकळून कोमट केलेलंच वापरा.

आणि ओठ-जीभ सुजली, श्वास घ्यायला त्रास झाला किंवा चक्कर येऊन पडायला झालं तर कोणत्याही काढ्याची वाट पाहू नका. १०८ वर फोन करा. तेव्हा अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन लवकर मिळणं महत्त्वाचं असतं.

राहिला प्रश्न सकाळच्या शिंकांचा. उशीचे अभ्रे आणि चादरी दर आठवड्याला गरम पाण्यात धुणं, झाडण्याऐवजी ओल्या फडक्यानं पुसणं, घरात धूर न करणं, याला ना मोठा खर्च आहे ना दुष्परिणाम. यालाच आयुर्वेद निदान परिवर्जन म्हणतो आणि अ‍ॅलर्जीतज्ज्ञही हाच सल्ला देतात.